पदवीविना एमबीए प्रवेश

पदवीविना एमबीए प्रवेश म्हणजे महाविद्यालयीन पदवी नसलेल्या, परंतु दीर्घ व्यावसायिक अनुभव असलेल्या प्रौढ उमेदवाराला व्यवस्थापनशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात मिळणारा प्रवेश होय. ही पद्धत प्रामुख्याने ब्रिटनमध्ये रूढ झाली. तेथील अनेक विद्यापीठे अपवाद म्हणून अनुभव पदवीच्या जागी ग्राह्य धरतात. भारतात विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांनुसार पहिल्या पदवीवाचून पदव्युत्तर पदवीला मान्यता नाही. त्यामुळे भारतीय उमेदवाराने ब्रिटनमध्ये या मार्गाने मिळवलेली एमबीए पदवी तेथे पूर्णतः वैध असूनही भारतात काही कारणांसाठी अग्राह्य ठरू शकते. प्रवेशाच्या वेळी अनुभवाने भरून निघालेली पदवीची उणीव पुढे समकक्षतेच्या प्रश्नातून पुन्हा समोर येते, हा या विषयातील सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत दुर्लक्षित भाग आहे.

संज्ञा

ब्रिटनमध्ये पदवी अभ्यासक्रमाला २१ व्या वर्षी किंवा त्यानंतर, तर पदव्युत्तर अभ्यासक्रमाला २५ व्या वर्षी किंवा त्यानंतर प्रवेश घेणाऱ्यास ‘प्रौढ विद्यार्थी’ म्हटले जाते. एमबीएच्या वर्गात या व्याख्येत बसणारे विद्यार्थी पुष्कळ असतात, कारण हा अभ्यासक्रम मुळातच नोकरीचा अनुभव घेतलेल्यांसाठी आखलेला असतो. म्हणून येथे खरा प्रश्न वयाचा नसून पदवीच्या अभावाचा आहे.

‘पदवी नसलेला’ या वर्णनात अनेक प्रकारचे उमेदवार येतात. बारावीनंतर शिक्षण थांबलेले, महाविद्यालय अर्धवट सोडलेले, औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून (आयटीआय) थेट कारखान्यात गेलेले, तसेच तंत्रनिकेतनातून तीन वर्षांची पदविका घेतलेले, हे सर्व त्यात मोडतात. मराठीत ‘पदवी’ आणि ‘पदविका’ हे शब्द उच्चाराने जवळचे असले, तरी प्रवेशाच्या नियमांत त्यांच्यात मोठे अंतर आहे. दहावीनंतरची अभियांत्रिकी पदविका आणि वीस वर्षांचा कारखान्यातील अनुभव असलेला पर्यवेक्षक भारतीय नियमांनुसार पदवीधर ठरत नाही.

पार्श्वभूमी

अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाने १९०८ मध्ये बिझनेस स्कूल सुरू केले. ब्रिटनमध्ये अशा संस्था बऱ्याच उशिरा उभ्या राहिल्या. १९६३ च्या फ्रँक्स अहवालानंतर लंडन आणि मँचेस्टर येथे व्यवस्थापनाच्या दोन पदव्युत्तर संस्था स्थापन झाल्या. तोपर्यंत ब्रिटिश कंपन्यांतील व्यवस्थापक बहुधा कामातून शिकत वर चढलेले असत. काही हिशेबनीसांच्या व्यावसायिक संस्थांच्या परीक्षा देऊन, तर काही उमेदवारीतून आलेले होते. १९४५ मध्ये हेन्ली येथे स्थापन झालेले प्रशासकीय अधिकारी महाविद्यालयही अनुभवी अधिकाऱ्यांना एकत्र आणून त्यांच्या अनुभवावर चर्चा घडवण्याच्या कल्पनेवर उभे होते. त्याच धर्तीवर १९५६ मध्ये हैदराबाद येथे भारतीय प्रशासकीय अधिकारी महाविद्यालय सुरू झाले.

१९८७ मध्ये ब्रिटिश व्यवस्थापकांच्या शिक्षणाविषयी दोन अहवाल प्रसिद्ध झाले. त्यांपैकी एक चार्ल्स हँडी यांचा आणि दुसरा कॉन्स्टेबल व मॅककॉर्मिक यांचा होता. अमेरिका, जपान, जर्मनी, फ्रान्स या देशांच्या तुलनेत ब्रिटिश व्यवस्थापकांचे औपचारिक शिक्षण तोकडे असल्याचे या अहवालांतून पुढे आले. यातून एक पेच निर्माण झाला. ज्यांना व्यवस्थापनाचे शिक्षण द्यायचे, तेच लोक पदवीधर नव्हते. पदवीची अट काटेकोरपणे लावली असती, तर ज्या वर्गासाठी हा खटाटोप होता तोच वर्ग बाहेर राहिला असता. अनुभवी व्यक्तींसाठी अपवाद ठेवण्याच्या प्रथेला या परिस्थितीत बळ मिळाले.

मुक्त विद्यापीठाची चळवळही याला पूरक ठरली. ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठाला १९६९ मध्ये राजसनद मिळाली आणि १९७१ मध्ये पहिले विद्यार्थी दाखल झाले. पदवी अभ्यासक्रमाला कोणतीही पूर्वपात्रता न मागणे हे त्याचे मूलभूत धोरण होते. १९८३ मध्ये या विद्यापीठाने बिझनेस स्कूल सुरू केले.

या लवचिकतेमागे एक कायदेशीर कारणही आहे. पदवी प्रदान करण्याचा अधिकार असलेले ब्रिटिश विद्यापीठ आपल्या प्रवेशाच्या अटी स्वतः ठरवते. एमबीएची किमान पात्रता संपूर्ण देशासाठी ठरवून देणारी यंत्रणा तेथे नाही. भारतात ती आहे.

ब्रिटनमधील प्रवेशाचे मार्ग

थेट प्रवेश हा सर्वांत आखूड मार्ग आहे. त्यात विद्यापीठ अर्ज तपासून उमेदवाराला अपवाद म्हणून एमबीएच्या वर्गात घेते. अशा उमेदवारांची संख्या मर्यादित ठेवण्याकडे संस्थांचा कल असतो, कारण एमबीए अभ्यासक्रमांना मानांकन देणाऱ्या संघटनांचे निकष त्यांना पाळावे लागतात. लंडनस्थित ‘असोसिएशन ऑफ एमबीएज’ ही संघटना सामान्यतः पदवी आणि किमान ३ वर्षांचा कामाचा अनुभव अपेक्षिते. पदवी नसलेला उमेदवार घ्यायचा असल्यास त्याचा अनुभव यापेक्षा बराच भरीव असावा लागतो.

टप्प्याटप्प्याचा मार्ग त्या मानाने अधिक वापरात आहे. ब्रिटनमध्ये पदव्युत्तर पदवी १८० श्रेयांकांची असते. त्यांपैकी ६० श्रेयांक मिळवल्यास पदव्युत्तर प्रमाणपत्र, १२० मिळवल्यास पदव्युत्तर पदविका आणि उरलेले ६० श्रेयांक, बहुधा प्रबंधाद्वारे, मिळवल्यास पूर्ण पदवी मिळते. पदवी नसलेल्या उमेदवाराला प्रथम प्रमाणपत्रापुरता प्रवेश दिला जातो. त्यातील गुण समाधानकारक असतील तर पुढचे दार उघडते, नसतील तर उमेदवार प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडतो. यात संस्थेची जोखीम कमी होते आणि उमेदवाराचे शुल्कही वाया जात नाही.

एडिंबरा येथील हेरियट-वॉट विद्यापीठाने आपल्या दूरशिक्षण एमबीएसाठी वेगळीच वाट स्वीकारली होती. पदवी नसलेल्या व्यक्तीने आधी काही अनिवार्य विषयांच्या परीक्षा द्यायच्या आणि त्या उत्तीर्ण झाल्यावरच एमबीएचा विद्यार्थी म्हणून नोंदणी करायची, अशी ती पद्धत होती. उमेदवाराचा भूतकाळ तपासण्याऐवजी त्याची आजची क्षमता तपासावी, हा त्यामागचा विचार साधा आणि बराच न्याय्य आहे. शिफारसपत्र कोणाचे आहे किंवा कंपनी किती नावाजलेली आहे, याला त्यात महत्त्व उरत नाही.

ज्यांना थेट एमबीए न करता आधी पदवी घ्यायची आहे, त्यांच्यासाठी इंग्लंड व वेल्समध्ये ‘उच्च शिक्षण प्रवेश पदविका’ आहे. ही ६० श्रेयांकांची पदविका मुख्यतः शालेय परीक्षांचे गुण नसलेल्या प्रौढांसाठी असून तिच्या आधारे पदवी अभ्यासक्रमाला अर्ज करता येतो.

फ्रान्समधील व्यवस्था याहून पुढे गेलेली आहे. १७ जानेवारी २००२ च्या कायद्याने अनुभवाच्या आधारे संपूर्ण पदवी मिळवण्याचा हक्क तेथे दिला. उमेदवार आपल्या कामाची सविस्तर संचिका सादर करतो आणि परीक्षक मंडळ तिची छाननी करून मुलाखतीनंतर निर्णय देते. आरंभी यासाठी ३ वर्षांचा अनुभव लागत असे. २०१६ मध्ये ही मुदत १ वर्षावर आणली गेली.

पूर्वशिक्षणाची मान्यता

अनुभव ग्राह्य धरण्याच्या प्रक्रियेला ‘पूर्वशिक्षणाची मान्यता’ म्हणतात. तिचे तत्त्व असे की, मान्यता कामाच्या वर्षांना मिळत नाही, त्या वर्षांत झालेल्या शिक्षणाला मिळते. पंधरा वर्षे एकच काम एकाच पद्धतीने केलेल्या व्यक्तीपेक्षा सहा वर्षांत तीन वेगवेगळ्या जबाबदाऱ्या पेललेल्या व्यक्तीचा दावा अधिक बळकट मानला जातो. अनेक अर्ज नेमके येथे कमी पडतात. उमेदवार आपल्या पदांची आणि वर्षांची यादी देतो, पण त्या काळात तो काय शिकला याविषयी अर्जात एक वाक्यही नसते.

या प्रक्रियेतून दोन वेगळ्या गोष्टी मिळू शकतात. पहिली म्हणजे प्रवेशाची पात्रता. दुसरी म्हणजे अभ्यासक्रमातील काही विषयांतून सूट. पहिली मिळाली म्हणजे दुसरीही मिळते असे नाही. पदवी नसलेल्या उमेदवाराने सूट मागण्याची घाई न करणे बहुधा हिताचे ठरते, कारण वित्त किंवा संख्याशास्त्र यांसारख्या पायाभूत विषयांचा सराव त्यालाच सर्वाधिक हवा असतो.

अर्जाची तपासणी

प्रवेश समितीपुढे मुख्य प्रश्न दोन असतात. उमेदवार पदव्युत्तर पातळीचा अभ्यास झेपवू शकेल का, आणि वर्गातील चर्चेत त्याच्या अनुभवाची भर पडेल का? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर प्रौढ उमेदवाराकडे सहसा असते. पहिल्याचे उत्तर पदवीधराच्या बाबतीत त्याची पदवी देते. पदवी नसलेल्याला ते अन्य पुराव्यांतून उभे करावे लागते.

त्यात जबाबदारीचा तपशील सर्वांत महत्त्वाचा असतो. ‘विक्री विभाग सांभाळला’ या विधानातून समितीला फारसे काही कळत नाही. हाताखाली किती माणसे होती, वार्षिक अंदाजपत्रक किती रकमेचे होते, कोणता निर्णय स्वतः घेतला, त्या वेळी कोणते पर्याय समोर होते, निर्णयाचा परिणाम काय झाला आणि तो कसा मोजला, हे सांगणारे निवेदन उपयोगी पडते. फसलेल्या निर्णयाचे प्रामाणिक विश्लेषणही त्यात चालते. पदनामांवर विसंबणे धोक्याचे असते, कारण एका कंपनीतील ‘व्यवस्थापक’ दुसरीकडे केवळ कारकून असू शकतो.

गणिती क्षमतेची शंका दूर करण्यासाठी जीमॅट ही परीक्षा देता येते. ती देण्यासाठी पदवीची अट नाही. सध्याच्या स्वरूपात तिचे तीन विभाग असून प्रत्येकाला ४५ मिनिटे असतात आणि एकूण गुणांकन २०५ ते ८०५ या पट्ट्यात केले जाते. पदवीधरासाठी ही परीक्षा स्पर्धेचे साधन असते, तर पदवी नसलेल्यासाठी ती अभ्यासाची क्षमता दाखवणारा अलीकडचा आणि त्रयस्थ पुरावा ठरते. संस्थेने ती अनिवार्य केलेली नसली तरी अशा उमेदवाराने ती देण्यात अर्थ आहे.

लेखनकौशल्याची परीक्षा अर्जातील निबंधातूनच होते. एमबीएच्या मूल्यमापनात दीर्घ लेखी अहवाल असतात आणि वीस वर्षे केवळ ईमेल लिहिलेल्या व्यक्तीला संदर्भ देऊन युक्तिवाद मांडण्याची सवय उरलेली नसते. म्हणून काही संस्था स्वतंत्र लेखी निबंध किंवा प्रकरण-अभ्यासाचे विश्लेषण मागतात. भारतीय उमेदवाराला याशिवाय इंग्रजी भाषेच्या चाचणीचे गुण द्यावे लागू शकतात.

शिफारसपत्र उमेदवाराचे काम प्रत्यक्ष पाहिलेल्या वरिष्ठाचे असावे. संचालकाच्या सहीचे पण मोघम पत्र थेट वरिष्ठाच्या तपशीलवार पत्रापुढे फिके पडते. स्वतःचा व्यवसाय असलेल्यांना वरिष्ठच नसतात. त्यांच्यासाठी लेखापरीक्षक, बँक अधिकारी किंवा मोठा ग्राहक हे पर्याय उरतात, आणि वस्तू व सेवा कराची विवरणपत्रे, लेखापरीक्षित ताळेबंद यांसारखे कागद व्यवसायाचा आकार सिद्ध करतात.

मुलाखतीत ‘पदवी का घेतली नाही?’ हा प्रश्न जवळजवळ ठरलेला असतो. घरची परिस्थिती, वडिलांचा आजार, लवकर आलेली जबाबदारी ही कारणे समिती समजून घेते. मात्र तिचा कल त्यानंतर उमेदवाराने शिकण्यासाठी काय केले हे पाहण्याकडे अधिक असतो.

भारतातील स्थिती

भारतात एमबीए प्रवेशाला वयाची कमाल मर्यादा सहसा नसते. भारतीय व्यवस्थापन संस्थांची कॅट आणि महाराष्ट्र शासनाची एमबीए सीईटी या दोन्ही परीक्षा चाळिशीतील उमेदवारही देऊ शकतो. पदवीची अट मात्र दोन्हींना आहे. पदवीला साधारणतः ५० टक्के गुण लागतात आणि पात्र राखीव प्रवर्गांना ही मर्यादा ४५ टक्के आहे. अनुभवी अधिकाऱ्यांसाठीच्या एकवर्षीय पूर्णवेळ अभ्यासक्रमांतही भारतीय व्यवस्थापन संस्था पदवी मागतात.

एक अपवाद फारसा परिचित नाही. सनदी लेखापाल, कंपनी सचिव, परिव्यय लेखापाल यांसारखी व्यावसायिक पात्रता आवश्यक गुणांसह असल्यास कॅटसाठी अर्ज करता येतो. सनदी लेखापालाचा अभ्यासक्रम बारावीनंतर सुरू करता येत असल्याने विद्यापीठाची पदवी नसलेला सनदी लेखापाल अशा रीतीने व्यवस्थापन संस्थेपर्यंत पोहोचू शकतो. अभियंत्यांसाठी इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनीअर्सची एएमआयई परीक्षा पूर्वी असाच मार्ग होती. नोकरी सांभाळून ती देणाऱ्या पदविकाधारकांना अभियांत्रिकी पदवीशी समकक्षता मिळत असे. ३१ मे २०१३ पर्यंत नोंदणी केलेल्यांपुरतीच ही मान्यता पुढे कायम राहिली.

दूरशिक्षणाने घेतल्या जाणाऱ्या पदव्यांसाठी यूजीसीने १९८५ मध्ये केलेले विनियम या विषयात कळीचे ठरले. बारावी न झालेल्या, परंतु २१ वर्षे पूर्ण केलेल्या व्यक्तीला विद्यापीठाची प्रवेश चाचणी देऊन पहिल्या पदवीला बसण्याची मुभा त्यांत होती. पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी मात्र तीन वर्षांची पहिली पदवी आवश्यकच ठरवलेली होती. म्हणजे प्रौढांसाठी खालचे दार उघडे आणि वरचे बंद, अशी ही रचना होती. तरीही काही विद्यापीठांनी मुक्त शिक्षण पद्धतीच्या नावाखाली पहिल्या पदवीशिवाय थेट एमए, एमबीए यांसारख्या पदव्या दिल्या.

हा वाद तमिळनाडूतील अण्णामलै विद्यापीठाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. पहिली पदवी न घेता मुक्त पद्धतीने मिळवलेली एमए पदवी शासकीय संस्थेतील पदासाठी ग्राह्य आहे का, हा प्रश्न होता. २००९ मध्ये न्यायालयाने ती ग्राह्य नसल्याचा निर्णय दिला आणि यूजीसीचे विनियम मुक्त व दूरशिक्षण देणाऱ्या विद्यापीठांवरही बंधनकारक असल्याचे स्पष्ट केले. विद्यार्थ्याने अभ्यास केला, परीक्षा दिली, विद्यापीठाने प्रमाणपत्रही दिले. केवळ आधीची पायरी नसल्यामुळे ते सारे कुचकामी ठरले.

महाराष्ट्रात पदवी न झालेल्या प्रौढासाठी सर्वांत परिचित मार्ग नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचा आहे. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे ब्रीद असलेले हे विद्यापीठ १९८९ मध्ये स्थापन झाले. राम ताकवले त्याचे पहिले कुलगुरू होते. बारावी नसलेल्यांसाठी विद्यापीठाने पूर्वतयारी अभ्यासक्रम सुरू केला आणि त्यातून हजारो नोकरदार, गृहिणी व शेतकरी पदवीपर्यंत पोहोचले. पूर्वतयारी, तीन वर्षांची पदवी आणि दोन वर्षांचे एमबीए मिळून या मार्गाला सहा वर्षांच्या आसपास काळ लागतो. ब्रिटनच्या थेट प्रवेशापेक्षा तो कितीतरी लांब आहे, परंतु पदव्यांचा क्रम त्यात अखंड राहतो. तंत्रनिकेतनातील पदविकाधारकांना याशिवाय अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात थेट प्रवेशाची सोय आहे.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर अनुभवाला श्रेयांक देण्याची भाषा भारतातही सुरू झाली. २०२१ मध्ये श्रेयांक बँकेचे विनियम आले. त्यांनुसार जमा श्रेयांक कमाल ७ वर्षे वैध राहतात. २०२३ मध्ये राष्ट्रीय श्रेयांक आराखडा प्रसिद्ध झाला असून त्यात कामाच्या अनुभवालाही श्रेयांकांत मोजण्याची तरतूद आहे. एमबीएसाठीची पदवीची अट मात्र यामुळे रद्द झालेली नाही.

परदेशी पदवीची समकक्षता

परदेशी पदव्यांची समकक्षता ठरवण्याचे काम दीर्घकाळ भारतीय विद्यापीठ संघाकडे होते. २०२५ मध्ये यूजीसीने याविषयी स्वतंत्र विनियम केले. परदेशी संस्था आपल्या देशात मान्यताप्राप्त असावी, याबरोबरच त्या अभ्यासक्रमाच्या प्रवेशाच्या किमान अटी भारतातील तत्सम अभ्यासक्रमाशी मिळत्याजुळत्या असाव्यात, अशी त्यांत अट आहे. पदवी नसताना घेतलेली ब्रिटिश एमबीए या दुसऱ्या अटीवर अडखळते.

याचा फटका सर्वांना सारखा बसत नाही. खासगी कंपनीत समकक्षता प्रमाणपत्राची कायदेशीर सक्ती नसते आणि निर्णय सर्वस्वी मालकाचा असतो. ब्रिटनमध्येच नोकरी करणाऱ्या किंवा घरचा उद्योग वाढवू पाहणाऱ्या उमेदवाराला हा प्रश्न कदाचित कधीच पडणार नाही. परंतु भारतात पीएच.डी., प्राध्यापकपद, शासकीय किंवा सार्वजनिक उपक्रमातील नोकरी यांपैकी काहीही मनात असल्यास प्रवेशशुल्क भरण्यापूर्वीच समकक्षतेची लेखी चौकशी करणे आवश्यक ठरते. दलाल हा मुद्दा क्वचितच काढतात.

हीच अडचण भारतात जाहिरात होणाऱ्या ‘टॉप-अप एमबीए’बाबत अधिक तीव्र आहे. यात उमेदवार एखाद्या ब्रिटिश परीक्षा मंडळाची सातव्या पातळीची १२० श्रेयांकांची पदविका स्थानिक केंद्रातून किंवा ऑनलाइन घेतो आणि उरलेले ६० श्रेयांक विद्यापीठाकडून पूर्ण करतो. ब्रिटनच्या चौकटीत सातवी पातळी पदव्युत्तर समजली जाते आणि ही पदविका तेथे खरीच असते. मात्र परवाना-कराराने दुसऱ्या संस्थेमार्फत दिल्या जाणाऱ्या परदेशी पदव्या भारतीय विनियमांनुसार मान्यतेस पात्र नाहीत.

बनावट पदव्या

‘तुमच्या अनुभवावर पदवी मिळवा’ अशी जाहिरात करणाऱ्या बनावट विद्यापीठांनी पूर्वशिक्षण मान्यतेची बदनामी केली आहे. २०१५ मध्ये कराचीतील एका सॉफ्टवेअर कंपनीने शेकडो काल्पनिक शिक्षणसंस्थांच्या नावाने जगभर पदव्या विकल्याचे उघड झाले. खऱ्या प्रक्रियेत छाननी, लेखन, मुलाखत आणि नकाराची शक्यता असते. बनावट संस्थेत केवळ शुल्क आणि टपालाने येणारे प्रमाणपत्र असते. पदवी देण्याचा अधिकार असलेल्या संस्थांची यादी ब्रिटिश सरकार प्रसिद्ध करते, तर यूजीसी भारतातील बनावट विद्यापीठांची यादी जाहीर करते.

मतभेद

या पद्धतीचे टीकाकार दर्जाचा प्रश्न उपस्थित करतात. पदवीची तीन वर्षे केवळ माहिती देत नाहीत, वाचनाची आणि पद्धतशीर विचाराची सवय लावतात, आणि अनुभव तिची जागा घेऊ शकत नाही, असे त्यांचे म्हणणे असते. समर्थकांच्या मते व्यवस्थापन हे वैद्यकशास्त्रासारखे पूर्वज्ञानावर रचलेले शास्त्र नाही. इतिहास किंवा वनस्पतिशास्त्राचा पदवीधर एमबीएला चालतो, तर पदवीतील विषयाचे ज्ञान ही खरी अट नव्हेच, हा त्यांचा युक्तिवाद खोडणे सोपे नाही.

अधिक गंभीर आक्षेप अनुभवाच्या मोजमापाविषयी आहे. नोंदणीकृत कंपनीत काम केलेल्या व्यक्तीजवळ नियुक्तीपत्र, पदोन्नतीचे आदेश, वेतनचिठ्ठ्या असतात. कुटुंबाच्या दुकानाचे किंवा शेतीपूरक धंद्याचे सगळे व्यवहार वर्षानुवर्षे पाहणाऱ्या स्त्रीच्या नावावर बहुधा एकही कागद नसतो. बचत गटाची शेकडो कर्जे वसूल करणारी अध्यक्षा वित्ताचे आणि माणसांचे व्यवस्थापन रोज करते, पण ते दाखवणारे अंदाजपत्रक व पदनाम तिच्यापाशी नसते. महाविद्यालयात जाऊ न शकलेल्यांसाठी केलेला अपवाद अशा रीतीने पुन्हा कागदपत्रे असलेल्यांनाच अधिक उपयोगी पडतो. आधी परीक्षा आणि मग प्रवेश ही हेरियट-वॉटसारखी पद्धत हा दोष टाळते, मात्र ती राबवण्यासाठी संस्थेला अपात्र विद्यार्थ्यांनाही विषय शिकवण्याची व तपासण्याची तयारी ठेवावी लागते.